रिकाम्या शेताची राखण

सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी संग्रहालयाच्या सात नंबरच्या दालनात अवधूतने चित्राशेजारच्या छोट्या यंत्रावरचा आकडा वाचला आणि वॉकीटॉकीवर सांगितला, "फिफ्टी-टू." खाली कंट्रोल रूममध्ये ट्रेवरने "चिअर्स, मेट" म्हणून तो टिपून घेतला. हवेतला ओलावा आपोआप खाली कळवणारा सेन्सर बिघडला होता. चित्र फ्रान्सहून काही महिन्यांसाठी आलेलं, १८८० च्या सुमाराचं. कापणी झालेलं शेत, मागे झाडांची रांग, वर दाटलेलं आभाळ. ओलाव्याची हद्द करारात ठरलेली. म्हणून दर तासाला आकडा, आणि आकडा वाचणाऱ्याने दालन सोडायचं नाही.

मे २०२१ चा पहिला आठवडा. सिडनीत लोक मास्क न लावता चित्रं बघत हिंडत होते. तिकडे नाशिकला अवधूतची मोठी बहीण सुहासिनीताई घरातच श्वासासाठी धडपडत होती. ऑक्सिजनची खाट मिळत नव्हती. संजीव भावजी स्वतः तापाने फणफणलेले. खाटेसाठी त्यांनी फोन लावला की चार शब्दांत खोकला सुटायचा आणि पलीकडचा माणूस फोन ठेवायचा. कोरोनामुळे ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केलेल्या; देशाबाहेर जाण्याची परवानगी अवधूतने मागितली होती. उत्तर आलं नव्हतं.

हॉटेल मॅनेजमेंट शिकायला तो २००९ साली आला. भांडी घासली, टॅक्सी चालवली, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवला. आता क्वेकर्स हिलहून ट्रेनने येऊन संग्रहालयात कंत्राटी पहारा करतो. आई गेली तेव्हा तो नववीत होता. त्याचं शिक्षण होईपर्यंत ताईने लग्न लांबवलं. या चित्राचा फोटो त्याने मार्चमध्ये पाठवला, तेव्हा ती म्हणाली होती, "शेतात चिटपाखरू नाही. राखतोस काय? बुजगावणं झालास की रे, अवध्या."

दालनात फोन आणायला बंदी. त्याचा मोज्यात होता. अकराला तो थरथरला. कोपऱ्यात वाकून त्याने पाहिलं. भावजींचा मेसेज होता, ताईच्या ऑक्सिजनचा: ८६.

"रूम सेव्हन, रीडिंग?" ट्रेवरने विचारलं.

"एटी-सिक्स," अवधूत म्हणाला.

पाच मिनिटांच्या आत चार माणसं धावत आली. बाहेरून आलेल्या चित्रांची जबाबदारी असलेली रजिस्ट्रार हेलन, यंत्र घेतलेले दोन तंत्रज्ञ, मागून धापा टाकत ट्रेवर. प्रेक्षकांना बाहेर काढलं. एकाने कॅनव्हासवर तिरका टॉर्च धरला. हेलनने चित्राशेजारचं यंत्र पाहिलं.

"अवधूत, हे फिफ्टी-टू आहे."

"सॉरी. चुकलं."

"चष्मा घे, मेट," ट्रेवर म्हणाला. "मी शेवटचा धावलो तेव्हा शाळेत होतो. यू ऑल राइट?"

"नो वरीज," अवधूत म्हणाला. आकडा खोटा नव्हता, एवढं तरी सांगावंसं त्याला वाटलं. सांगितलं नाही.

एकला जेवणाची सुट्टी झाली. मागच्या अंगणात जाऊन त्याने नाशिकची खाटांची हेल्पलाइन लावली; तिकडे अजून सकाळ होती. बाराव्यांदा लागली.

"साहेब, खाटा आठला सुटतात. आता साडेआठ होऊन गेले. पाच मिनिटांत संपल्या."

"उद्यासाठी नाव तरी लिहून घ्या."

"नावं घेत नाही आम्ही. उद्या आठच्या ठोक्याला लावा. लागला तर लागला."

मग घरी. भावजींनी फोन ताईच्या कानाशी धरला.

"जेवलास?" एवढा एक शब्द यायला वेळ लागला.

"हो," जेवला नसताना तो म्हणाला. "आता किती दाखवतोय?"

"मला... मोजत बसू नकोस. यांच्याकडे... बघा कुणीतरी."

पुढचं ऐकू आलं नाही.

परत जाताना त्याने ट्रेवरला गाठलं. "उद्या माझी सुट्टी अर्धा तास आधी होईल का?"

"सॉरी, मेट. बदली माणूस एकच. साडेबाराला तो रूम थ्रीत असतो. का, काही खास?"

खास सांगितलं तर शहाऐंशीचा उलगडा होणार, आणि मोज्यातल्या फोनचाही. फोन सापडलेल्या माणसाला कंत्राटदार पुन्हा बोलावत नाही.

"नाही, काही नाही," अवधूत म्हणाला.

नाशिकची हेल्पलाइन उद्या सकाळी आठला सुरू होईल. सिडनीत तेव्हा साडेबारा वाजलेले असतील. अवधूतची सुट्टी एकला आहे.