मातीला विचारणारे मामा

कुठलीही पिशवी हातात आली की आमच्या गल्लीला दूध घालणारे मामा ती दोन्ही मुठींत धरून ताणायचे, नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "छापल्यालं ऱ्हाऊ दे. मातीला इचारूया की!" मग गोठ्यामागच्या परड्यात खड्डा, खड्ड्यात पिशवी आणि वर खुणेची काठी. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला सगळे हसतात आणि दूध मात्र त्याच्याकडूनच घेतात.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे परड्यातल्या त्या प्रयोगशाळेत मला मुक्त प्रवेश होता. पावसाळा सरला की उकरणी व्हायची. सुती फडकं गायब, पळसाची पत्रावळ गायब. मक्यापासून केलेली पिशवी शेणखताच्या गरम खड्ड्यात विरलेली, पण नुसत्या मातीत जशीच्या तशी. आणि 'निसर्गात विरघळणारी' असं मोठ्या अक्षरांत छापलेली? तिचे नुसते बारीक कपटे झालेले. मामा ते तळहातावर चोळायचे. "ही मेली न्हाय बाई, लपून बसलीया." प्लास्टिकच्या लांब साखळ्या कशा तुटतात यावर मी वर्गात तासभर बोलायची. मामांचं एका वाक्यात आटपायचं.

हा नाद त्यांना माझ्यामुळे लागला, हे सांगायला मला आजही जड जातं.

आमच्या गल्लीतले भाजीचे देठ, कलिंगडाच्या साली, शिळ्या भाकरी रोज सकाळी मामांच्या म्हशींना जायच्या. पिशवी गव्हाणीत रिकामी करायची आणि घरी परत आणायची, अशी पद्धत. एका प्रदर्शनातून मी त्या विरघळणाऱ्या पिशव्या आणल्या, घरोघरी वाटल्या आणि वर व्याख्यानही झोडलं.

"म्हशीनं खाल्ली तर वो, बाई?" मामांनी तेव्हा विचारलं होतं.

"अहो, विरघळते ती!" मी म्हणाले. पिशवीवर छापलेलं तेवढंच मी वाचलं होतं.

मग गल्ली आळसावली. गाठ मारलेल्या पिशव्या तशाच गव्हाणीत पडू लागल्या. बाईंचा शब्द म्हणून मामांनीही चालवून घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या लाडक्या म्हशीचं रवंथ थांबलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत पिशव्यांचा गोळा. म्हैस वाचली नाही. गल्ली गोठ्यात जमली, कुठल्या पिशव्या म्हणून विचारू लागली. मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"उकिरड्यावर गेलती. माझंच ध्यान नव्हतं," ते म्हणाले.

गल्लीने ते लगेच मानलं, सगळ्यांचीच सोय होती. मीही गप्प राहिले. एरवी मला गप्प बसणं जमत नाही, त्या दिवशी बरोबर जमलं. त्याची लाज अजून गेलेली नाही. पुढच्याच आठवड्यात परड्यात पहिली काठी रोवली गेली.

गेल्या वर्षी मामा वारले. आम्ही त्यांच्या घरी भेटायला जमलो होतो. जुन्या आठवणी निघाल्या आणि कुणीतरी म्हणालं, "एवढा जपणारा माणूस, पण तेवढी एक म्हस उकिरड्यावर सोडली बगा."

मला राहवलं नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "म्हैस उकिरड्यावर गेलीच नव्हती. पिशव्या मी वाटलेल्या होत्या."

मामांच्या बायकोने, मामींनी, माझा हात धरून मला खाली बसवलं.

"त्येनी मला तवाच सांगितलंतं, बाई."

आणि इतकी वर्षं, रोज सकाळी, माप भरून झाल्यावर मामी माझ्या पातेल्यात वर थोडं दूध जास्तच ओतत आल्या होत्या.