अंबाबाईला काय कमी होतं?

कडावच्या अंबाबाईच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, कणगीत भात होतं, नवरा दारूला शिवत नव्हता आणि दोन्ही मुली चांगल्या घरी पडल्या होत्या. त्यामुळे १९४६ च्या दिवाळीनंतर ती बोलेनाशी झाली, तेव्हा गावाला तिचा रागच आला. आजारी पडायला निदान एखादं कारण तरी नको?

एरवी अंबाबाई म्हणजे आवाज. तिनं म्हशीला हाक मारली की शेजारच्या आळीतली माणसं वळून बघायची. तीच आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. झोप नाही, उठवत नाही, घास तोंडात नुसता घोळायचा.

नवरा वाल्मिक भला माणूस. पावसाळ्यात त्याची एक म्हैस चाऱ्याला तोंड लावेना, तेव्हा त्यानं दोन दिवसांत तीन जाणकार गोळा केले होते. बायकोच्या बाबतीत मात्र त्यानं दोन महिने धीर धरला. म्हणायचा, "थंडीची सुस्ती हाय, जाईल."

गाव असं स्वस्थ बसणारं नव्हतं. पोलीसपाटील बुधाजी जातीनं आले, ओटीवर बसून चहा प्याले आणि तिच्याकडे काय काय आहे ते सगळं तिला मोजून दाखवलं. "तुला काय कमी हाय गं? जरा हसत जा." इतका सोपा उपाय बिचारीला सुचला नव्हता. चुलत जाऊ इंदूबाई हिनं आळस हे निदान केलं. भगतानं बाहेरची बाधा सांगून कोंबडा घेतला. कोंबडा गेला, बाधा राहिली. सगळ्यांनी आपापलं कर्तव्य केलं होतं. आता बरं न होणं हा अंबाबाईचाच आडमुठेपणा.

डोंगराकडच्या ठाकरवाडीतली जना मोळी विकायला तिच्या दारी यायची. शहाणपणाचे चार शब्द सांगण्याइतकी ती मोठी नव्हती, म्हणून मोळी टाकून नुसती शेजारी बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाय, मरावंसं वाटतं का?"

दोन महिन्यांत अंबाबाई पहिल्यांदा रडली. "रोज वाटतं गं. पण सांगू कुणाला? सगळं तर हाय मला."

"माझ्या भैनीचं असंच झालं व्हतं. आमाला कळलं नाय. ती गेली."

मग जनानं गोठ्यातून वाल्मिकला बोलावलं. "हिला एकटी सोडू नका. उद्याच कर्जतच्या दवाखान्यात न्या."

"पण झालंय काय तिला? ताप नाय, दुखणं नाय."

"म्हस काय सांगते व्हय, काय झालंय ते?"

हे मात्र वाल्मिकला चटकन समजलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं ते कर्जतला गेले. डॉक्टरांनी झोपेचं, भुकेचं, मनात काय येतं त्याचं विचारलं. म्हणाले, "हा मनाचा आजार आहे. बाधा नाही, आळस नाही, आणि बाई, तुमचा दोषही नाही." वाल्मिकला मोठी लाल बाटली हवी होती. मिळाल्या झोपेच्या औषधाच्या चार पुड्या, त्याही त्यानं स्वतःजवळ ठेवायच्या. बाकी सगळं त्यालाच करायचं होतं: तिला एकटं ठेवायचं नाही, थोडं थोडं भरवायचं, रोज चालवायचं, दर आठवड्याला इकडे आणायचं. आणि 'हस' म्हणायचं नाही.

"किती दिवस?"

"महिने म्हणा."

मग नवराबायको रोज शेताच्या बांधानं फिरू लागले. म्हातारपणी यांना हे काय सुचलं, म्हणून गावाची छान करमणूक झाली. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर वाल्मिकला कळलं की बायकोशेजारून गप्प चालताही येतं. जना येऊन बसायची. मधेच पुन्हा चार दिवस भिंतीकडे तोंड. वाल्मिक चिडायचा, एकदा बोललाही; मग स्वतःच ओशाळला.

चैत्रात एका सकाळी अंबाबाई ताटाकडे बघून म्हणाली, "ही भाकरी कच्ची हाय." भाकरी वाल्मिकनं केली होती. त्याला इतका आनंद झाला की तो उठून परसात गेला आणि डोळे पुसून परत आला.

पाटलांनी सगळीकडे सांगितलं, "मी म्हणालो व्हतो, हसायला लागली की बरी व्हईल."

दोन वर्षांनी ते दुखणं परत आलं. पण या वेळी तिसऱ्याच दिवशी अंबाबाईनं नवऱ्याला सांगितलं, "पुन्हा तसं वाटाया लागलंय. कर्जतला जाऊ."

वाल्मिकनं हातातला कप तसाच खाली ठेवला आणि गाडीला बैल जुंपायला गेला.