पाकिटातली नटी

"फेका हो ते चित्र, कारकून," असं म्हणताना आमच्या अर्जनवीसबुवांची मान हळूच डावीकडे कलायची आणि नजर खाली जायची. पहिलवानी देह, ओठ झाकणारी मिशी, आणि मान मात्र अशी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एखादी लकब त्यांच्या अंगावर दुसऱ्याच्या सदऱ्यासारखी दिसते.

अलिबागच्या कचेरीत मी कारकून होतो. ते बाहेर वडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. तेव्हा सिगारेटच्या पाकिटातून नट्यांचे फोटो निघू लागले होते, दोन बोटं रुंदीचे. त्या फोटोंपायी मी सिगारेट ओढायला शिकलो. शिकलो म्हणजे खोकलो. एका पाकिटात ती निघाली. नऊवारी, नथ, जराशी कललेली मान. खाली नाव नाही, नुसता आकडा. मी तिला सदऱ्याच्या खिशात ठेवू लागलो. सदरा धुवायला घेताना बायकोला ती सापडली.

"जेवायला बोलवा एकदा," बायको म्हणाली. "मी वाढते. सवतीचा मान असतो."

बुवांना चित्र दिसलं की ते म्हणायचे, फेका. मला वाटायचं, गृहस्थ फार सोवळे आहेत.

एका दुपारी मी वडाखाली सिगारेट ओढत होतो. चित्र हातात होतं. खोकताना बघायला काहीतरी हवं. बुवांपुढे एक कोळीण बसली होती.

"लिव्ह रं दादा. होडी माझ्या नवऱ्याची हाय, दिराची न्हाय."

ऐकता ऐकता बुवांची मान कलली, पापण्या उतरल्या. मी चित्राकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग पुन्हा चित्राकडे. मनातल्या मनात त्यांच्या मिशीवर बोट ठेवून ती झाकली, आणि सिगारेट माझ्या धोतरावर पडली.

धोतराला भोक पडलं ते मला घरी गेल्यावर कळलं. दोन वर्षं जिच्यावर जीव टाकला, ती रोज माझ्या शेजारी बसून डबा खात होती आणि ढेकर देत होती.

कोळीण गेल्यावर बुवा म्हणाले, "कळलं ना?"

चौदाव्या वर्षी ते नाटक कंपनीत पळाले होते. मिसरूड फुटेपर्यंत नायिका केल्या. तो फोटो नाटक कंपनीनंच काढवलेला. सिगारेटवाल्यांना कोणी दिला, देव जाणे.

"माणगावच्या माणसांनी मला मुलगी दिली ती छापखान्यातला नोकर समजून. कळलं तर नाच्या म्हणतील आणि तिला घेऊन जातील. फाडा ते, हात जोडतो."

मी चित्र खिशात घातलं होतं. पुन्हा हात घालून एक बाहेर काढलं आणि पालथं धरून फाडलं. ते दुसऱ्याच नटीचं होतं. एवढाच माझा खरेपणा.

पाच-सहा वर्षांनी तापानं बुवा तीन दिवसांत गेले. तेराव्याला आम्ही नवराबायको गेलो, तेव्हा बुवांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आम्हांला बाजूला घेऊन मला म्हणाल्या, "भावजी, ते चित्र द्याल का? यांचा दुसरा फोटोच न्हाय घरात."

मी गार पडलो. "कुठलं चित्र?"

"सवतीचं. तुमच्या मंडळींनी विहिरीवर दाखवलं होतं, माझा थोरला पोटात होता तवा."

शेजारी माझी बायको पांढरीफटक पडली. ते चित्र बुवांचं आहे हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

"तुम्ही ओळखलंत?" मी विचारलं.

"झोपेत मान तशीच व्हायची त्यांची."

"मग बोलला नाहीत ते?"

"माणूस मिशीआड लपून बसलाय, त्याला ओढून कशाला काढायचा? कधीतरी आपणहून सांगतील म्हणून थांबले."

आम्ही दोघं घरी जाऊन चित्र घेऊन आलो. वाटेत बायकोला सगळं सांगितलं.

वहिनींनी एका जुन्या चौकटीतला देव काढून तिथे ते बसवलं. एवढ्याशा चित्राला हार बसेना, तेव्हा वरच्या कडेला अबोलीचं एकच फूल खोवलं. ते खाली झुकून नथीपर्यंत आलं.

माझी बायको समोर येऊन उभी राहिली. मग तिनं पदर सावरला आणि सवतीला वाकून नमस्कार केला.