अर्जातलं ट्रॅक रेकॉर्ड

गड्यांनो, आज सकाळी मारेगावच्या एका जिनिंगमध्ये काम मागायला गेलतो. काम म्हणजे कापसाच्या गाड्या रांगेत लावायच्या, गाडीवाल्यांची भांडणं मिटवायची. तिथंच नोकरीला असलेल्या माझ्या मैत्रिणीनं, प्रियानं, माझ्यासाठी शब्द टाकला होता. अर्जात मी ठोकून दिलं होतं, 'उत्तम ट्रॅक रेकॉर्ड'.

मॅनेजर हसले. "बाबू, ट्रॅक रेकॉर्ड म्हणजे आधी करून दाखवलेलं काम. तू काय पुरं केलं? कॉलेजही अर्ध्यात सोडलं."

माझं डोकं सटकलं. फाईल आपटून निघालो.

प्रिया गेटपर्यंत धावत आली. "चार वर्षांत माह्या शब्दावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आज तुह्यापायी ठेवलं."

म्हणजे खरं ट्रॅक रेकॉर्ड तिचं होतं, आणि मोडलं मी.

माफीचा मेसेज तीनदा लिहून खोडला. अशी माफी मी आधीही मागितली आहे, भडकणं काही थांबलं नाही. आता तिनं कशावर विश्वास ठेवावा, सांगा?