आप्पांच्या ओटीवरची पिशवी

चार माणसं दर रविवारी वाचायला बसली, की वाचलेलं हळूहळू विसरायला होतं आणि त्यावरून झालेली भांडणं मात्र तोंडपाठ राहतात. माझ्याकडे अशी बरीच साठली आहेत.

पन्नासच्या दशकातली डोंबिवली. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. रविवारी सकाळी आम्ही आप्पा दातारांच्या ओटीवर जमायचो. आप्पा रिटायर्ड पोस्टमास्तर, इतिहासाचं वेड. काळे मास्तर पेटी शिकवायचे. वसंता कल्याणच्या मालधक्क्यावर क्लार्क, राजकारणाशिवाय दुसरं बोलायचा नाही. ज्याला जे चांगलं वाचायला मिळेल ते त्यानं एका खाकी पिशवीत टाकायचं, पिशवी चार घरं फिरायची आणि रविवारी त्यावर बोलायचं. नियम एवढाच.

*

एकदा वसंता ती पिशवी कल्याणच्या बाजारात एका धान्याच्या दुकानात विसरला. आप्पा म्हणाले, "पोस्टात तीस वर्षं काढली. एक पाकीट हरवलं नाही."

वसंता तसाच उठून बाजारात गेला. शेठ गादीवर बसून जुन्या बंदरांवरचा लेख वाचत होते. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं.

"पिशवी माझी आहे," वसंता म्हणाला.

"असेल," शेठ मान वर न करता म्हणाले. "बुधवारी या. अजून दोन लेख राहिलेत."

*

काळे मास्तरांनी एका मासिकातलं मैफलीचं परीक्षण वाचून दाखवलं. शेवटची भैरवी किती रंगली, यावर पान भरून मजकूर. मास्तर स्वतः त्या मैफलीला गेलेले. गवयाचा घसा बसला आणि भैरवी झालीच नाही. त्यांनी संपादकांना तसं कळवलं.

उत्तर आलं. "आमचे परीक्षक मैफलीला हजर नव्हते. तेव्हा त्यांनी कोणाची भीड ठेवली, असा संशय घेण्याचं कारण नाही."

मास्तरांनी ते पत्र पिशवीत टाकलं. वर लिहिलं, 'या आठवड्यातलं सर्वोत्तम.'

*

एका रविवारी बैठक आमच्याकडे होती. मी जात्यावरच्या ओव्यांवरचा एक विद्वत्तापूर्ण लेख वाचत होते. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या आत तांदूळ निवडत बसलेल्या. तिथूनच म्हणाल्या, "सूनबाई, तिसरी ओवी चुकली. सासरची वाट त्यात नाही, माहेरची आहे."

आप्पांना आधार लागायचाच. त्यांनी विचारलं, "आजी, हे कुठल्या ग्रंथात आहे?"

"ग्रंथाचं ठाऊक नाही हो. ज्यानं लिहिलंय त्यानं किती पायली दळलंय, ते आधी विचारा."

*

ठाण्याजवळ बाळकुमला एक कोरीव दगड आहे, असं आप्पांनी कुठंतरी वाचलं. बाळकुम तेव्हा खेडं. आम्ही चौघं गेलो. दगड एका घराच्या परसात आडवा पडलेला आणि त्यावर एक बाई धुणं धूत होती.

"आम्ही हा दगड वाचायला आलोय," आप्पा म्हणाले.

"वाचा ना. पन धुनं होव द्या."

आम्ही थांबलो. मग आप्पा गुडघ्यावर बसले आणि बोटानं शेवाळ काढत तासभर अक्षरं लावत राहिले. कोणा राजानं जमीन दान दिली होती आणि ती जो हिरावून घेईल त्याला शाप दिला होता. आप्पांचे डोळे पाणावले. बाईला म्हणाले, "बाई, हा दगड मुंबईच्या संग्रहालयात हवा. मी व्यवस्था करतो."

बाईनं पदराला हात पुसले. "जमीन घेल त्याला शाप, असं लिवलंय?"

"हो."

"मंग यो आथंच ऱ्हवंदे. जमीन मोजनारी मानसं येतान आमचेकडं."

घरी पोचल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "तिचंच बरोबर आहे."

*

भाषावार प्रांतांवरून आप्पांचं आणि वसंताचं पेटलं ते याच ओटीवर. आप्पांचा पेपर एका बाजूचा, वसंता कट्टर दुसऱ्या बाजूचा. एका अग्रलेखावरून वसंता म्हणाला, "असली रद्दी या पिशवीत नको." आप्पा म्हणाले, "मग तूही नको." वसंता उठून गेला तो तीन महिने आला नाही.

मग आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी, वाचन बंद. वाचल्याशिवाय त्यांना जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता दारात उभा. कोणाला काही न विचारता खुर्ची ओढून बसला आणि आप्पांचा तोच पेपर पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. अग्रलेखसुद्धा. एक शब्द गाळला नाही.

पट्टी निघाली, पण नवा चष्मा येईपर्यंत वाचता येणार नव्हतं. वसंता रोज कामावर जाण्याआधी यायचा. दीड-दोन महिने असे गेले. एका सकाळी मीही समाचाराला गेलेले. वसंता वाचत होता, आप्पा डोळे मिटून ऐकत होते. आप्पांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या. कपाशेजारी त्यांनी चष्म्याचं घर ठेवलं.

"दहा दिवस झाले नवा चष्मा येऊन," त्या मला म्हणाल्या. "उशीखाली होता. आज चादर बदलताना सापडला."

आप्पांनी डोळे उघडले. वसंतानं चष्म्याच्या घराकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

आणि पान उलटून म्हणाला, "हं. आता अग्रलेख."