काळ्या काचंम्होरचं थोबाड

चापट जोरात मारली त्यानं, पन गाल कुटं हाय मला? थेट हाडावर बसली. त्याचाच हात दुखला. हात झटकत म्हनला, "लाकूड हाय का काय हे!"

सगळी हसली. मीबी हसलो. सवय.

झालं काय, अक्कलकोट रोडला एका बड्या बागायतदाराच्या घरचं लगीन व्हतं. बँड आमचा. बँडमदी मी खुळखुळा वाजवायचो. ज्याला काय येत न्हाय त्याच्या हातात खुळखुळा देत्यात. वरात निघायला येळ व्हता. नवरदेवाची गाडी फुलं लावून हुबी. काळ्या काचा, चकचकीत. मला वाटलं आत कोन न्हाय. वाकलो काचंम्होरं. गाल फुगवलं. हवा ह्या गालातनं त्या गालात फिरवली. डोळं मोटं केलं. मग ओटांचा चंबू. दहा मोजंपत्तूर धरायचा असतो. सात झालं आन् काच खाली आली.

आत नवरदेवाची भन आन् तिच्या दोन मैतरनी.

माजा चंबू तसाच.

पोरी किंचाळल्या. नवरदेवाचा मामा पळत आला. गुलाबी फेटा, मनगटात जाड कडं. कॉलर धरली. "पोरींना चुम्मं दावतो व्हय रं, सांगाड्या?" आन् ती चापट.

मी जे करत व्हतो ते औषध व्हतं. पन तेच तर सांगता येत नव्हतं.

आईबाप माजं लवकर गेलं. मागं माज्यासाठी एकच ठिवून गेलं, एचआयव्ही. त्यात वाटा मागायला कुनी भावकी आली न्हाय. लहानपनी ज्या गोळ्या मिळाल्या त्यांनी जीव ठिवला आन् गाल नेलं. जुन्या गोळ्या व्हत्या तवाच्या. फुडं डॉक्टरनं बदलल्या, पन गालाची गेलेली चरबी काय माघारी आली न्हाय. पंचविशीत साठीचं तोंड. बसमदी कॉलेजच्या पोरी उटून जागा देत्यात, "बसा आजोबा." मी बसतो. पाय दुकत असत्यात, कशाला न्हाय म्हना.

शाळा दुसरीपत्तूर. शेजारी कुनी बसंना. अख्खं बाकडं माजं एकट्याचं. पुना तेवडी जागा कुनी दिली न्हाय मला. मग मीच जायचं सोडलं. सही येती, तीबी दर कागदावर निराळी. म्हनून हे मी बोलतोय आन् लिवनारा दुसरा हाय.

तर सरकारी दवाखान्यात तोंडाच्या व्यायामाच्या एक मॅडम हायत. दर मंगळवारी आमी पाच-सा जनं जायचो. सगळी जल्मापासनं गोळ्या खानारी, सगळी खड्ड्याच्या गालांची. मॅडम पैल्याच दिवशी म्हनल्या, "चरबी परत येणार नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला. पण खालचा स्नायू भरला तर खड्डा थोडा कमी दिसेल. दिवसातून तीनदा. आरशात बघून."

ऱ्हायला चुलत्याकडं. घरी आरसा एकच, चुलतीचा. ती म्हनली, "माज्या कुंकवाच्या आरशात तुजं थोबाड नको." म्हनून मी मोटारसायकलींचं आरसं बगायचो. दुकानाच्या काचा. आन् त्या दिवशी ती गाडी.

मंगळवारच्या खोलीत एक पोरगी यायची. तिचं खरं नाव सांगत न्हाय. पद्मा म्हना. घरी तंबाकूच्या इड्या वळायची. डोळ्यापत्तूर ओढनी गुंडाळून यायची आन् दार लावलं की मगच सोडायची. पैल्यांदा सोडली तवा मी म्हनलं, "आयला, तू माजी भन दिसतीस की!" ती खुदकन हसली. गाल नसल्यावर हसू लई मोटं दिसतं. एकदा आमी समदी तोंड वाकडं करून बसलो व्हतो, तवा म्हनली, "एवढ्या सोलापुरात ही एकच खोली आहे. इथं तोंड वाकडं केलं तरी कोणी हसत नाही."

आता परत कॉलरीकडं या.

मामा गदागदा हालवतोय. "बोल, काय करत व्हतास?" खरं सांगितलं तर बँड गेला. बँडमदी कुनाला ठावं नव्हतं. मी दात काडलं. म्हनलं, "मामा, नकल्या हाय मी. नक्कल बसवत व्हतो."

"कर मग. समद्यांम्होरं कर."

केली. मॅडमनी शिकवली तशीच, वळीनं. गाल. डोळं. चंबू. मग दोन बोटं ओटांच्या कोपऱ्यावर दाबून हसायचं, हसू वर वडतंय आन् बोटं खाली दाबत्यात. त्याला तर लोक पोट धरून हसली. मामानं पुन्हा करायला लावलं. पुन्हा केली. शेवटी त्यानं माज्या हातावर वरनं एक जिलबी टाकली. मी खाल्ली. ग्वाड व्हती, खोटं कशाला बोलू.

आमच्या बँडमालकानं हे पायलं. दुसऱ्या लग्नापासनं खुळखुळा काडून घेतला आन् मला म्होरं हुबा केला. वरात थांबली की ढोल ताशा बंद, आन् मालक वरडायचा, "आता सांगाड्याचा आयटम!" पैल्यांदाच जल्मात म्होरं हुबा राह्यलो व्हतो. मला काय वाटलं आसंल? लाज? न्हाय वो. मान वाटला. चुलत्याला सांगितलं, मी आता म्होरं असतो.

सगळा सीजन केलं. दिवसातनं तीनदा करायचा व्यायाम, मी सा-सा येळा करत व्हतो. मॅडम म्हनल्या, "छान! फरक दिसतोय." मी मान खाली घातली. पद्मा म्हनली, "कसं काय रे जमतं तुला एवढं?" मी म्हनलं, "मन लावून करतो." खोलीतली समदी माज्याकडं कवतिकानं बगायला लागली.

मग एका कार्यालयात जेवनाच्या पंगतीम्होरं मालकानं आयटम लावला. पद्मा सीजनला केटररकडं वाढायला जायची, ते मला ठावं नव्हतं. वाढनाऱ्या बायांना मास्कचा नियम. बाकीच्या कुरकुरायच्या, पद्माला त्यो मास्क लई बरा. निदान त्या चार तासांत कुनी तिच्याकडं दुसऱ्यांदा बगत नव्हतं.

मी दोन बोटं ओटावर दाबून हसत व्हतो. म्होरं जिलबीचं ताट घेऊन दोन वाढप्या हुब्या. एकीच्या मास्कच्या वर डोळं. ते डोळं मी वळखलं. शेजारची तिला कोपरानं ढोसत व्हती, "बघ की गं, बघ की त्याचं तोंड!" पद्मा हसली न्हाय तर तिला शंका आली असती. म्हनून पद्मानं हसल्यागत खांदं हालवलं. ताट हातात, खांदं हालत्यात, आन् डोळ्यातनं पानी.

मी थांबलो का? न्हाय. आयटम पुरा केला. दहा मोजून.

मंगळवारी पद्मा आली न्हाय. फुडच्याबी न्हाय. गोळ्या तिची आई येऊन न्यायला लागली. मॅडमनी मला इचारलं, मी म्हनलं, ठावं न्हाय.

शेवटी तिच्या गल्लीत गेलो. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन पानं कातरत व्हती, तोंड गुंडाळलेलं. मी गंमत करून बगितली. "काय गं, माज्यावर रुसलीस व्हय?"

तिनं कात्री ठिवली. म्हनली, "तुझं तोंड तू कुठंबी ने. माझं कशाला नेलंस?"

तिनं तोंडावरची ओढनी आनिक घट्ट वडली.

"आता आरशासमोर ओठ हलवला की ती माणसं हसताना ऐकू येतात. त्या खोलीतबी ऐकू येतील. जा तू."

सूप उचलून आत गेली. कडी लावली. चापट खाल्ली तवा हाडाला लागली व्हती. हे कुटं लागलं ते आजून गावत न्हाय.

त्याच बागायतदाराच्या घरी दुसरं लगीन निगालं. तवा गाडीत बसलेल्या त्या भनीचं. आमचाच बँड. मला म्होरं बगून मामा आरोळी ठोकत आला, "ए सांगाड्या! ते थोबाड कर. पावन्यांना दाव."

ढोल थांबला. मालकानं हात वर केला. मी हुबा.

"कर की रं."

"न्हाय करनार."

"का? भाव खातूस व्हय?"

मी म्हनलं, "ती नक्कल न्हाय. माज्या गालाचं औषध हाय ते. मला जल्मापासनं एचआयव्ही हाय."

एवडंच. आवाज लई बारीक निगाला, पन ऐकू गेला, कारन भोवतीचा लोकांचा गोल मागं सरकला. पावनी, पोरं, बाया, आमचं ताशेवालं. मामानं आपला उजवा हात बगितला. खिशातनं रुमाल काडला आन् त्यो हात पुसला. चापट मारून सा महिनं झालं व्हतं.

कुनी हसलं न्हाय. मीबी न्हाय.

मालक जवळ आला न्हाय. लांबनंच म्हनला, "बँडचा डगला धुवून दे. दोनदा धू." मी डगला तितंच काडला आन् त्याच्या पायाशी ठिवला. धुतला न्हाय. बनियनवर चालत घरी आलो, अक्कलकोट रोडनं, दुपारी. लोक बगत व्हती. बगू दे म्हनलं.

आता टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठं बांदतो. लागताना पैल्या दिवशी सांगितलं काय हाय ते. दोगं निराळं जेवत्यात. जेवू देत.

पद्मा आली न्हाय. तिच्या दारात पुन्हा गेलो न्हाय. माफी मागायची तर कडी काडायचा तरास तिलाच की. तिची मंगळवारची जागा रिकामी हाय, आन् ती मी रिकामी केली. मामानं न्हाय, मालकानं न्हाय. मी केली. ते कुनावर ढकलनार न्हाय.

लोक हसायच्या आदी मीच हसवायचो, म्हंजे कमी लागतं. आसं वाटायचं. तुमालाबी हितवर हसवतच आनलं. पन ते काम आता सोडलं मी. माज्या तोंडावर कुनाला हसायचं आसंल तर त्यानं सोताच्या हिमतीवर हसावं, माज्या डोळ्यात बगून. मी मदत करनार न्हाय.