जामिनाला पाटल्या लागत नाहीत

नोकरीत शेकडो फोन ऐकले, पण तो एक अजून कानात आहे.

तेव्हा जालना जिल्ह्यातल्या वाटूरचा भाग माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होता. सकाळची हजेरी संपत असताना एक बाई आत आली. शेतकरी घरातली, नवरा वारलेला.

"मॅडम, पोराला कोकणात समुद्रावर धरलं म्हणं. तिथल्या पोलिसाचा फोन आल्ता. वाटूर फाट्यावर वकिलाचा माणूस येईल, त्याच्याकडं पाटल्या दे, लगेच जामीन करतो म्हणला. देऊ का?"

"मग इथं कशाला आलात?"

"पोलिसाला दागिना द्यायचा, तर पोलिसालाच इचारावं म्हणलं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"मावशी, जल्दी करा. पोरगा नुसता रडून राह्यलाय."

आवाज दरडावणीचा होता. पण 'रडून राह्यलाय' म्हणणारा हवालदार कोकणात कुठून यायचा? हे बोलणं आमच्या विदर्भालगतच्या भागातलं. मी बाईला खुणेने सांगितलं, येते म्हणा.

मग तिला गावाचं नाव विचारून तिथल्या समुद्रकाठच्या ठाण्याला फोन लावला. अटक खरी होती. पॅरासेलिंगच्या रांगेवरून भांडण, त्यात मारहाण. तिथले अधिकारी म्हणाले, "गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनदार आणा, सोडतो. आईला कळवू नका म्हणत त्याने सोबतच्या मित्राचं नाव दिलं. तो मित्र जामीनदार आणतो म्हणून गेला, तो गेलाच."

मित्राचं नाव मिळालं. फाट्यावर साध्या वेशातले दोन कर्मचारी उभे केले. बाईच्या हातून पाटल्या घेताना तोच सापडला. तो जालन्यात मुलाबरोबर एकाच खोलीवर राहायचा. बाईने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मी मदतच करून राह्यल्तो, मॅडम."

"पोलीस म्हणून फोन कोणी केला?"

"जामिनाला खर्चा लागतो ना."

"खर्चा विचारला नाही. फोन कोणी केला?"

"वकील म्हणला…"

"कोणता वकील? त्याला आत्ता फोन लाव."

त्याने मान खाली घातली. "मीच केल्ता."

आवाज चढवावा लागला नाही. एकच प्रश्न धरून बसलं की खोटं बोलणारा स्वतःच थकतो. गुन्हा नोंदवला. पाटल्या मुद्देमाल म्हणून जप्त झाल्या. बाईला त्या पुढे कोर्टातून परत मिळाल्या.

पण मुलगा अजून कोठडीत होता. बाई बाकावरून उठेना.

"मंग आता जामिनाला काय देऊ?"

"काही द्यायचं नाही. त्याची हमी घेणारा माणूस लागतो. कोण आहे तुमच्याकडे?"

"मीच हाय. पण बाई चालती का?"

"सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच."

"मग चालते. आधार आणि उतारा घ्या, निघा."

त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणाला अटक झाली की जामीन म्हणजे काय, हे घरच्यांना मी स्वतः सांगू लागले. बहुतेकांना ते ठाऊक नसे, आणि फसवणारे तिथूनच शिरत.

दुसऱ्या दिवशी कोकणातून अधिकाऱ्यांचा फोन आला. "सोडलं त्याला. मी बाईंना विचारलं, सोबत पुरुष माणूस नाही का? त्या म्हणाल्या, 'जामीन मी हाय, काय इचारायचं ते मला इचारा.'"

"आणि पोरगा?"

"आईला बघून रडायला लागला. तर म्हणाल्या, 'समुद्र बघून झाला आसंल तर चल. गाडी सुटंल.'"